डब्ल्यूएल अगारचा डबा: यीस्टच्या भावंडांत तो कुठपर्यंत भेद करतो

जानेवारी ते मार्च हा नाशिकचा द्राक्षं चिरडण्याचा हंगाम. दिंडोरी, गंगापूर, विंचूर, कुठलीही वायनरी घ्या, या तीन महिन्यांत तिच्या छोट्या लॅबला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: टाकीत आपण टाकलेलं यीस्ट चाललंय, की द्राक्षाच्या सालीवरून आलेलं दुसरंच काही? त्याचं उत्तर देण्यासाठी बहुतेक ठिकाणी फडताळात डब्ल्यूएल न्यूट्रिएंट अगार या यीस्ट वाढवून पाहायच्या माध्यमाचा 500 ग्रॅमचा डबा असतो. डबा घ्यावा का? जरूर घ्यावा. पण प्रजातीचं नाव तो सांगेल, या भरवशावर घेऊ नये. तो गट पाडतो, सख्खी भावंडं वेगळी करत नाही.

1950 साली वॉलरस्टाइन लॅबोरेटरीजमधल्या (डब्ल्यूएल ही त्याचीच आद्याक्षरं) ग्रीन आणि ग्रे यांनी हे माध्यम बिअरच्या आंबवणीवर नजर ठेवण्यासाठी बनवलं. वाइनवाल्यांनी ते नंतर उचललं. घटक पाहिले की त्याचा स्वभाव कळतो. लिटरमागे साधारण 80 ग्रॅम पूड लागते. नेमका आकडा डब्यावरचा घ्यावा, कारण अगारचं प्रमाण कंपनीगणिक बदलतं. त्यात 50 ग्रॅम नुसतं डेक्स्ट्रोज, 5 ग्रॅम केसिन हायड्रोलायसेट, 4 ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, 20 ग्रॅमच्या आसपास अगार आणि उरलेले क्षार. खरी करामत करतो तो मात्र फक्त 22 मिलिग्रॅम असतो: ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हा रंग. सामू 5.4 च्या वर तो निळा, 3.8 च्या खाली पिवळा. माध्यमाचा सामू 5.5 ठेवलेला असतो, म्हणजे प्लेट निळसर हिरवी दिसते आणि यीस्टने आम्ल सोडलं की कॉलनीभोवती पिवळी पडत जाते. शिवाय प्रत्येक यीस्ट हा रंग आपल्या पेशींत कमीजास्त शोषतं, त्यामुळे कॉलन्यांच्या छटा वेगवेगळ्या होतात.

हिशेब सोपा आहे. एका डब्यात सहा लिटरच्या वर माध्यम होतं. 90 मिलिमीटरच्या प्लेटमध्ये 20 मिलिलिटर ओतलं, तर तीनशे प्लेटा निघतात. छोट्या वायनरीचा अख्खा हंगाम त्यात निघून जातो. 12 ते 15 मिलिलिटरवर काटकसर करू नये. पातळ प्लेट पाच दिवसांत सुकते, शिवाय तिच्यात रंग आणि बफर कमी असल्याने ती लवकर पूर्ण पिवळी पडते आणि छटांमधला फरक पुसला जातो.

आता प्लेट वाचण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 25 ते 28 अंशांवर पाच दिवस ठेवायची. दुसऱ्या दिवशी दिसणाऱ्या रंगावर विश्वास ठेवू नका. तेव्हा जवळपास सगळंच मळकट पांढरं असतं. पाचव्या दिवशी सॅकरोमायसिस सेरेव्हिसीची, म्हणजे वाइनच्या नेहमीच्या यीस्टची, कॉलनी मलईसारखी, मधोमध उंचवटा असलेली, फिकट हिरवट दिसते. हॅन्सेनियास्पोरा युव्हारम गडद हिरवी, सपाट, गुळगुळीत. तिला चुकवणं अवघड. मेट्श्निकोव्हिया पुल्चेरिमाची कॉलनी लहान आणि मलईरंगी, पण प्लेट उलटी धरली की खालून तांबूस तपकिरी डाग दिसतो. माध्यमातल्या लोहाशी बांधलं जाणारं पुल्चेरिमिन हे रंगद्रव्य त्याला कारण. म्हणून प्लेट नेहमी दोन्ही बाजूंनी बघावी. पिचिया कुड्रियावझेव्ही कोरडी, खरबरीत, निस्तेज. स्टार्मेरेला बॅसिलारिस चपटी, हिरवट, कडेला फिकट.

इथवर डबा पैसे वसूल करून देतो. पुढे तो गप्प बसतो. टोरुलास्पोरा डेलब्रुकीची कॉलनी सेरेव्हिसीशी इतकी मिळतीजुळती असते की हात बसलेला माणूसही पैजेवर सांगणार नाही. सॅकरोमायसिसच्या आतले भेद, म्हणजे सेरेव्हिसी, पॅराडॉक्सस, युव्हारम, हे तर प्लेटवर दिसतच नाहीत. हॅन्सेनियास्पोरा युव्हारम आणि हॅन्सेनियास्पोरा गिलिएरमोंडी ही जोडीही एकसारखी हिरवी. प्लेटवर हिरवं दिसलं म्हणून नोंदवहीत थेट ‘युव्हारम’ लिहून टाकायची पद्धत काही लॅबमध्ये आहे, ती चूक आहे. ‘हॅन्सेनियास्पोरा, प्रजाती बाकी’ इतकंच लिहावं.

नाशिकच्या हवेमुळे काही गोष्टी ठळक लिहायला हव्यात. पहिली गोष्ट इन्क्युबेटरची. जुन्या लॅबमध्ये नुसता गरम करणारा इन्क्युबेटर असतो. मार्च उलटला की दुपारी खोलीचंच तापमान 35 च्या पुढे जातं, आणि तो 25 वर लावला तरी खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. हव्या त्यापेक्षा गरम प्लेटवर कॉलन्या भराभर वाढतात, आम्ल लवकर साठतं आणि तिसऱ्याच दिवशी प्लेट पिवळी पडते. छटा वाचायच्या असतील तर थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटर हवा. हा खर्च टाळून महागडं माध्यम घेण्यात अर्थ नाही. वीज गेली की तोही थांबतो, म्हणून आत कमाल-किमान थर्मामीटर ठेवून रोज सकाळी नोंद करावी.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. पुडीत निम्म्याहून जास्त डेक्स्ट्रोज आहे, ती ओल धरते. जूनमध्ये उघडलेला डबा ऑगस्टमध्ये दगड झालेला सापडतो. गाठी फोडून वजन केलं तरी वजनात पाणी आलेलं असतं आणि घटक सारखे मिसळलेले राहत नाहीत. पूड घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह, अंधारात ठेवावी. एकदा गाठ झाली की फेकून द्यावी.

तिसरी गोष्ट ऑटोक्लेव्हची, जी फारसं कुणी ध्यानात घेत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे. इथे दाबाचा काटा 15 पौंड दाखवतो तेव्हा आत 121 नव्हे, 120 च्या आसपास तापमान असतं. डब्ल्यूएलला हा अंशभराचा फरक बाधत नाही, उलट बरंच: इतकं डेक्स्ट्रोज असलेलं माध्यम जास्त तापलं की तपकिरी पडतं आणि त्या तपकिरीत हिरव्या छटा बुडतात. 15 मिनिटं पुरे. ‘खात्रीसाठी’ अर्धा तास ठेवणाऱ्यांच्या प्लेटा चहासारख्या दिसतात. जिथे 121 नेमकं हवं तिथे दाब नव्हे, तापमानाचा काटा पाहावा.

नमुना पेरताना 1 मिलिलिटर रस 9 मिलिलिटर 0.1 टक्के पेप्टोन पाण्यात, असं दहापटींनी पातळ करत जायचं. आंबवणी जोरात असताना मिलिलिटरला 10 कोटींपर्यंत पेशी असतात. तेव्हा एक लाखपट पातळ केलेल्यातलं 0.1 मिलिलिटर पसरलं की शंभरच्या आसपास कॉलन्या येतात. मोजणीचा पुस्तकी पल्ला 30 ते 300 असला, तरी रंग वाचायला 150 पुष्कळ. गर्दीत सगळ्यांचं आम्ल एकमेकांत मिसळतं. जिवाणूंना रोखायला लिटरमागे 100 मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून घालावं. ते ऑटोक्लेव्ह सोसतं.

एक मर्यादा अंकगणिताची आहे. सेरेव्हिसी हजारास एक या प्रमाणात दुसऱ्या यीस्टला झाकत असेल, तर शंभर कॉलन्यांच्या प्लेटवर तो दुसरा दिसणारच नाही. इथे लायसिन अगार कामी येतो. सॅकरोमायसिसला लायसिन हे अमिनो आम्ल एकमेव नायट्रोजन-स्रोत म्हणून वापरता येत नाही. हॅन्सेनियास्पोरा, पिचिया आणि टोरुलास्पोराला येतो. म्हणून शंभरपट दाट नमुना पेरला तरी सेरेव्हिसी वाढत नाही आणि लपलेले वर येतात. वर म्हटलेला टोरुलास्पोराचा घोळही इथेच सुटतो: डब्ल्यूएलवर सेरेव्हिसीसारखी दिसणारी कॉलनी लायसिनवर जोमाने वाढली, तर ती सेरेव्हिसी नाही. पण पेशी निर्जंतुक सलाइनने दोनदा धुतल्याशिवाय पेरू नका. रसातला नायट्रोजन सोबत आला की सेरेव्हिसीही टाचणीच्या डोक्याएवढ्या कॉलन्या धरतो आणि निकाल खोटा ठरतो. आमच्या मते डब्ल्यूएलच्या डब्यासोबत हा दुसरा डबा घेतलाच पाहिजे. एकट्या डब्ल्यूएलवरचा निकाल अर्धवट.

सायक्लोहेक्सिमाइड घातलेला डब्ल्यूएल डिफरेन्शियल हा तिसरा भाऊ. त्यात लिटरमागे 4 मिलिग्रॅम सायक्लोहेक्सिमाइड असतं, सॅकरोमायसिस दबतो आणि वाइन बिघडवणारा ब्रेटानोमायसिस वाढू शकतो. लाकडी बॅरलमध्ये वाइन ठेवणाऱ्यांनी तो जरूर ठेवावा, 100 मिलिलिटर वाइन 0.45 मायक्रॉनच्या पटलातून गाळून पटल प्लेटवर ठेवावं, आणि किमान दहा दिवस थांबावं. पाचव्या दिवशी ‘काही नाही’ म्हणून प्लेट टाकणं ही इथली नेहमीची चूक. ब्रेटानोमायसिस सावकाश वाढतो. सायक्लोहेक्सिमाइड विषारी आहे, पूड तोलताना हातमोजे आणि मास्क हवेतच.

भावंडं वेगळी करायची तर डीएनएकडे वळावं लागतं. सगळ्यात परवडणारा मार्ग म्हणजे आयटीएस या डीएनएच्या पट्ट्याचा पीसीआर, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती काढणं, आणि त्यावर एन्झाइमची कात्री. लागणारं सामान थोडं: आयटीएस1 आणि आयटीएस4 हे दोन प्रायमर, तयार मास्टर मिक्स, आणि हे-थ्री (HaeIII), हिन्फ-वन (HinfI), सीएफओ-वन (CfoI) ही तीन कापणारी एन्झाइम. सीएफओ-वन मिळालं नाही तर हा-वन (HhaI) घ्या. दोघं एकाच क्रमावर, एकाच जागी कापतात, तुकडे तेच येतात.

कॉलनी थेट डब्ल्यूएलवरून उचलू नये. वायपीडी या साध्या पोषक माध्यमावर एकदा रेघ ओढून एक ते दोन दिवसांची ताजी कॉलनी घ्यावी. जुन्या पेशींची भिंत जाड होते आणि फुटत नाही. टूथपिकच्या टोकाला जेमतेम दिसेल एवढी कॉलनी 20 मायक्रोलिटर, 20 मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये 95 अंशांवर 10 मिनिटं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं 1 मायक्रोलिटर घ्यायचं. भरपूर कॉलनी घेतली की भरपूर डीएनए येईल हा समज उलटा पडतो, पेशींचा कचरा पीसीआरच बंद पाडतो. 25 मायक्रोलिटरच्या नळीत 12.5 मास्टर मिक्स, 10 मायक्रोमोलरचे प्रायमर 1-1, नमुना 1 आणि पाणी 9.5. 95 अंशांवर 5 मिनिटं. मग 94 अंशांवर 1 मिनिट, 55.5 वर 2 मिनिटं, 72 वर 2 मिनिटं अशा 35 फेऱ्या. शेवटी 72 वर 10 मिनिटं.

नुसता हा तुकडाच बरंच सांगतो. सॅकरोमायसिसचा सुमारे 880 बेसचा, टोरुलास्पोरा डेलब्रुकीचा 800, हॅन्सेनियास्पोरा युव्हारमचा 750, ब्रेटानोमायसिस ब्रुक्सेलेन्सिसचा 485 च्या आसपास. मग 10 मायक्रोलिटर पीसीआर, 2 बफर, 0.5 एन्झाइम, 7.5 पाणी, 37 अंशांवर किमान दोन तास, रात्रभर ठेवलं तर उत्तम. तुकडे बघायला 3 टक्के अगारोजचं जेल आणि लांबी मोजायला 100 बेसची शिडी. 1 टक्क्याच्या जेलवर 180 आणि 150 हे दोन बँड एकमेकांना चिकटून दिसतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

या कात्रीची गंमत हे-थ्रीच्या एका खुणेत आहे. सेरेव्हिसीचा 880 चा तुकडा हे-थ्री 320, 230, 180 आणि 150 असा चार ठिकाणी दाखवतो. सॅकरोमायसिस युव्हारमच्या पट्ट्यात यातली एक कापण्याची जागा नाही, म्हणून 320 आणि 180 जोडलेलेच राहतात आणि जेलवर 500, 230, 150 असे तीन बँड येतात. बेरीज दोन्हीकडे 880. ही बेरीज करायची सवय लावून घ्यावी. हिन्फ-वनने सेरेव्हिसीत 365 आणि 155 असे दोनच बँड दिसतात, बेरीज 520 भरते, आणि नवखा घाबरतो. तिथे 365 चे दोन तुकडे एकाच जागी बसलेले असतात, म्हणून तो बँड जास्त ठळक असतो.

बेरीज 880 पेक्षा जास्त आली तर मात्र थांबायचं. 500 सोबत 320, 230, 180, 150 असे पाचही बँड दिसले, तर कारणं तीन असू शकतात: कापणी अर्धवट राहिली, कॉलनीत दोन यीस्टं मिसळली, किंवा यीस्ट खरोखरच संकरित आहे. आधी एन्झाइम दुप्पट करून रात्रभर ठेवा. 500 चा बँड विरला तर पहिलं कारण. नाही विरला तर वायपीडीवर दोनदा एकेक कॉलनी वेगळी करून पाच-सहा कॉलन्या पुन्हा चालवा. काही चार बँडच्या, काही तीन बँडच्या निघाल्या तर मिश्रण. प्रत्येक कॉलनीत पाचही बँड कायम राहिले, तरच संकराचा विचार करावा. उलट बाजूही ध्यानात असावी: संकरात आयटीएसच्या शेकडो प्रती काळाच्या ओघात एकाच पालकाच्या होऊन जाऊ शकतात. तेव्हा स्वच्छ चार बँड दिसले म्हणजे संकर नाहीच, असा अर्थ काढू नये.

याच जेलवर एक जुना गोंधळही उघडा पडतो. बाजारात ‘बायानस’ असं छापलेली वाइन यीस्टची पाकिटं सर्रास मिळतात. त्यातलं प्रसिद्ध ईसी-1118 घ्या. 2009 साली त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला आणि ते सेरेव्हिसीच आहे. हे-थ्रीवर ते 320, 230, 180, 150 असंच दिसतं. म्हणजे टाकीत ‘बायानस’ घातलं आणि जेलवर सेरेव्हिसी आलं, तर टाकी बिघडली असं नव्हे. जुन्या काळी शर्करा-चाचण्यांवरून, प्रामुख्याने गॅलॅक्टोजवरून ‘बायानस’ नाव दिलं जाई, ते पाकिटावर टिकून राहिलं. ज्यांना घरातल्या घरात पडताळायचं आहे त्यांनी वायपीडीची एक प्लेट 37 अंशांवर ठेवावी: सेरेव्हिसी वाढतो, सॅकरोमायसिस युव्हारम वाढत नाही. फुकटातली चाचणी, पण इन्क्युबेटर खरोखर 37 वर आहे की 34 वर, हे थर्मामीटरने आधी पाहा.

हॅन्सेनियास्पोराच्या जोडीलाही हीच 37 अंशांची प्लेट लागू पडते: गिलिएरमोंडी वाढतं, युव्हारम नाही. जेलवर मात्र या दोघांसाठी वरचे तीन एन्झाइम पुरत नाहीत, डीडीई-वन हे चौथं घ्यावं लागतं.

एन्झाइमच्या पुरवठ्याबद्दल तक्रार करावी अशी जागा आहे. एन्झाइम उणे 20 वर राहायला हवेत, आणि नाशिकला ते बहुधा मुंबई-पुण्याहून बर्फाच्या पिशव्यांत येतात. शुक्रवारी निघालेलं पार्सल सोमवारपर्यंत कुरिअरच्या गोदामात पडतं, पिशव्या पाणी झालेल्या असतात आणि बाटली दिसायला अगदी ठीक असते. त्यामुळे ऑर्डर सोमवारी किंवा मंगळवारी निघेल अशीच द्यावी. नवीन बाटली आली की ओळखीच्या सेरेव्हिसीवर दोन तासांची एक चाचणी घ्यावी. दोन तासांत चार स्वच्छ बँड आले नाहीत, तर बाटली त्याच आठवड्यात परत करावी. आणि आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीजर एन्झाइमसाठी वापरू नये, त्यात तापमान रोज वरखाली होतं.

कात्रीनेही उकललं नाही, तर नमुना सिक्वेन्सिंगला पाठवायचा. एनएल1 आणि एनएल4 प्रायमरनी 26एस या रायबोसोमच्या जनुकाचा डी1/डी2 भाग, सुमारे 600 बेस, दोन्ही बाजूंनी वाचून घ्यावा. कुर्ट्झमन आणि रॉबनेट यांनी 1998 मध्ये घालून दिलेला ठोकताळा असा, की एकाच प्रजातीच्या वाणांत 0 ते 3 बेसचा फरक असतो, आणि एक टक्क्याहून जास्त म्हणजे सहा किंवा अधिक फरक आला तर प्रजाती बहुधा वेगळी. मधल्या पट्ट्यात घाई करू नये. अॅक्टिनसारखं प्रथिनाचं जनुक सोबत वाचून घ्यावं. सेवा देणाऱ्याकडून फक्त ‘रिपोर्ट’ घेऊ नका. मूळ क्रोमॅटोग्राम फाइल मागा, कारण एका बेसच्या जागी दोन शिखरं दिसली तर ती मिश्रणाची खूण असते, आणि पीडीएफमध्ये ती दिसत नाही. डेटाबेसमधली पहिली जुळणीही डोळे झाकून घेऊ नये, ती प्रजातीच्या टाइप स्ट्रेनशी, म्हणजे प्रजातीचा अधिकृत नमुना मानलेल्या वाणाशी, जुळते का ते बघावं.

रुग्णालयांसाठी बनलेल्या, साखरेच्या वापरावरून यीस्ट ओळखणाऱ्या पट्ट्या वायनरीने घेऊ नयेत. त्यांच्या यादीत कॅन्डिडा भरपूर, द्राक्षावरची यीस्टं तुरळक.

डब्याबाबत शेवटचं काम नव्या लॉटच्या पडताळणीचं. नवीन लॉट आला की जुन्या आणि नव्या पुडीच्या प्लेटा एकाच दिवशी ओता, त्याच तीन ओळखीच्या यीस्टांच्या रेघा दोन्हींवर ओढा आणि पाचव्या दिवशी शेजारी ठेवून फोटो काढा. ही तीन यीस्टं, म्हणजे सेरेव्हिसी, हॅन्सेनियास्पोरा युव्हारम आणि मेट्श्निकोव्हिया, 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे 80 वर किंवा निदान उणे 20 वर नावानिशी ठेवलेली असावीत. उणे 20 वर असतील तर दर हंगामाआधी ताजी करून घ्यावीत. ती नसतील, तर नव्या लॉटची हिरवी छटा जुन्यासारखीच आहे की नाही, हे सांगायला दुसरं काहीच उरत नाही.